वेस्ट युरोपातले व्हर्च्युअल डेस्कटॉप पुण्यात आणायचेत? आधी डेटा कुठे बसलाय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा होता: कंपनीची मालकी युरोपातली, साठेक ॲझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉप (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये चालणारे, लांबून वापरायचे कॉम्प्युटर) वेस्ट युरोप रीजनमध्ये, म्हणजे नेदरलँड्समधल्या डेटा सेंटरमध्ये, आणि वापरणारी माणसं आता सगळी चाकण आणि नाशिकला. टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं म्हणून रोज बोंबाबोंब. पोर्टलमध्ये मूव्ह नावाचं बटण दिसतंय, ते दाबून सगळं सेंट्रल इंडिया म्हणजे पुण्याच्या रीजनमध्ये आणता येईल का आणि किती वेळ बंद ठेवावं लागेल?

बटण दाबून होणार नाही. ते मूव्ह बऱ्याच वेळा रिसोर्स ग्रुप किंवा सबस्क्रिप्शन बदलायचं असतं, त्याने सामान जागचं हलत नाही, फक्त वहीतलं नाव बदलतं. व्हीएमसाठी (म्हणजे क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनसाठी) रीजन बदलायचं वेगळं साधन आहे, रिसोर्स मूव्हर, पण होस्ट पूल (डेस्कटॉप चालवणाऱ्या मशीनचा गट), ॲप्लिकेशन ग्रुप (कोणाला काय दिसेल ते ठरवणारा), वर्कस्पेस (युजरला दिसणारी यादी) या गोष्टी त्याने उचलल्या जात नाहीत, त्या नवीन रीजनमध्ये नव्याने बनवाव्या लागतात. त्यामुळे हे काम "हलवायचं" आहे असा विचारच सोडा. तिकडे नवीन बांधायचं, माणसं एकेक गट करून तिकडे न्यायची आणि मग जुनं पाडायचं. मी अशी चारपाच कामं केलीत, दोन नीट झाली, बाकीच्यांत शिकलो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी विचारत नाही. तुमचा डेटा कुठे आहे? ईआरपी (कंपनीचा हिशेब-स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर), एसक्यूएल सर्व्हर म्हणजे डेटाबेस, फाइल सर्व्हर, ड्रॉइंगचा साठा, हे सगळं अजून नेदरलँड्समध्येच राहणार असेल तर डेस्कटॉप पुण्यात आणून तुम्ही आगीतून फुफाट्यात पडाल. कारण साधं आहे. स्क्रीन पाठवणारा प्रोटोकॉल लांबचं अंतर बऱ्यापैकी सहन करतो, १३०-१५० मिलिसेकंदाला माणूस कुरकुरतो पण काम करतो. डेटाबेसशी बोलणारं जुनं डेस्कटॉप ॲप मात्र अंतर अजिबात सहन करत नाही. एक इनव्हॉइसची खिडकी उघडताना जर ते ॲप एकामागे एक २०० छोट्या क्वेरी मारत असेल आणि प्रत्येक फेरीला १३० मिलिसेकंद लागत असतील तर झाले २६ सेकंद, आणि हीच खिडकी आधी डेस्कटॉप डेटाबेसच्या शेजारी असताना डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर उघडायची. माझ्या पहिल्या कामात नेमकं हेच झालं. सोमवारी सकाळी सगळे खूश, माउस कसा लोण्यासारखा फिरतोय, आणि साडेदहाला अकाउंट्समधून फोन की व्हाउचर सेव्ह व्हायला अर्धा मिनिट लागतंय. दुपारी सगळ्यांना परत जुन्या डेस्कटॉपवर पाठवलं. तेव्हापासून माझा नियम असा की डेस्कटॉप माणसाच्या जवळ असो नसो, डेटाच्या जवळ पाहिजे. तुमचं काम मुख्यतः ब्राउझर, ऑफिस, टीम्स असं असेल तर बिनधास्त आणा. जड ॲप असेल तर एकतर त्याचा डेटाबेसपण बरोबर आणा, नाहीतर तेवढ्या आठदहा लोकांना तिकडेच राहू द्या, सगळ्यांनाच एका गाडीत बसवायची सक्ती नाहीये.

आणि हलवायच्या आधी एकदा मोजून बघा हो. बऱ्याचदा हळूपणाचं कारण अंतर नसतंच. पोर्टलमधल्या इनसाइट्स रिपोर्टमध्ये प्रत्येक कनेक्शनचा राउंड ट्रिप टाइम, म्हणजे जाऊन परत यायचा वेळ, दिसतो. ऑफिसच्या फायरवॉलने यूडीपी ३४७८ हे पोर्ट अडवलं असेल तर आरडीपी शॉर्टपाथ (आरडीपी म्हणजे स्क्रीन पाठवणारा प्रोटोकॉल, त्याचा जवळचा रस्ता) लागत नाही आणि सगळा ट्रॅफिक टीसीपीवरून गेटवेमार्गे जातो, ते एक पोर्ट उघडल्यावर निम्म्या तक्रारी गेलेल्या मी पाहिल्यात. ते करून बघा, तरी १३०च्या वर राहत असेल तर मग अंतरच आहे, त्याला इलाज नाही, प्रकाशाला काही आपण ढकलू शकत नाही.

धरून चालू की आणायचंच ठरलंय. सेंट्रल इंडिया म्हणजे आपलं पुणेच, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबई अशी तीन रीजन सुरू केली त्यातलं हे. गंमत बघा, चाकणच्या माणसाचा माउस आत्ता ॲमस्टरडॅमला जाऊन परत येतोय.

पहिलं काम कोट्याचं, आणि ते आजच करा. प्रत्येक रीजनला प्रत्येक व्हीएम फॅमिलीचा व्हीसीपीयू कोटा (किती प्रोसेसर वापरायची परवानगी आहे ती मर्यादा) वेगळा असतो, वेस्ट युरोपात तुम्हाला ३०० मिळालेत म्हणून इथे मिळतीलच असं नाही, नवीन रीजनमध्ये तो बहुतेक वेळा अगदी थोडा असतो आणि वाढवून मागावा लागतो. तुमचं नेमकं व्हीएम साइझ इथे मिळतं का तेही बघा, विशेषतः ड्रॉइंगवाल्यांसाठी जीपीयूवालं (ग्राफिक्स प्रोसेसरवालं) असेल तर. याच वेळी रिझर्व्हेशन, म्हणजे सवलतीसाठी आगाऊ केलेली बांधिलकी, तपासा. तीन वर्षांचं रिझर्व्हेशन वेस्ट युरोपच्या नावाने घेतलेलं असेल तर पुण्यातल्या व्हीएमला ते लागू होत नाही, सेव्हिंग्ज प्लॅन हा दुसरा सवलतीचा प्रकार घेतला असेल तर तो सगळ्या रीजनना चालतो. फायनान्सला हे शेवटी सांगितलं की काय होतं ते मी बघितलंय, नको.

नेटवर्क. नवीन व्हीनेटला (क्लाउडमधल्या आपल्या खासगी नेटवर्कला) वेगळी आयपी रेंज द्या, जुनी कॉपी करू नका, कारण मधले काही आठवडे दोन्ही व्हीनेट पिअरिंगने जोडलेली ठेवावी लागतात आणि रेंज एकमेकींवर चढत असतील तर पिअरिंग होतच नाही. इंटरनेट आपोआप मिळेल असं धरू नका, नॅट गेटवे (सगळ्या मशीनना एकाच आयपीवरून बाहेर काढणारं दार) लावा, ठरलेला बाहेरचा आयपी तसाही तुम्हाला लागणारच आहे (का ते पुढे येतंय). एनएसजीच्या (नेटवर्कवर काय येऊ-जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या) नियमांमध्ये सर्व्हिस टॅग, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सेवांची तयार नावं, रीजनच्या नावासकट लिहिलेले असतील, स्टोरेज डॉट वेस्ट युरोप असे, तर ते तसेच्या तसे कॉपी करून इकडचं स्टोरेज उघडणार नाही आणि तुम्ही दोन तास परमिशन शोधत बसाल.

डोमेन कंट्रोलर. हायब्रिड जॉइन असेल, म्हणजे मशीन कंपनीच्या जुन्या डोमेनला आणि क्लाउडला दोन्हीकडे जोडलेली असतील, तर पुण्याच्या व्हीनेटमध्ये एक, शक्यतो दोन डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे सर्व्हर) उभे करा आणि व्हीनेटचा डीएनएस त्यांच्याकडे वळवा. हे बहुतेक लोक करतात. जे विसरतात ते म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या (कंपनीच्या युजर आणि मशीनच्या नोंदवहीच्या) साइट्स अँड सर्व्हिसेसमध्ये नवीन सबनेट टाकून ते नवीन साइटला जोडणं. ते नसेल तर विंडोजला आपण कुठे आहोत ते कळत नाही आणि तो जो सापडेल तो डोमेन कंट्रोलर पकडतो, मग कधी लॉगिन १५ सेकंदात कधी दीड मिनिटात, आणि असा कधीमधी येणारा प्रॉब्लेम शोधण्यासारखं दुसरं डोकं उठवणारं काम नाही.

इमेज, म्हणजे ज्यावरून सगळे डेस्कटॉप बनतात तो विंडोजचा तयार साचा, सोपी आहे. कॉम्प्युट गॅलरीत असेल तर इमेज व्हर्जनला सेंट्रल इंडिया हे टार्गेट रीजन जोडा, कॉपी आपोआप येते. पण गॅलरी स्वतः जुन्या रिसोर्स ग्रुपमध्ये असते, शेवटी साफसफाईत तो ग्रुप उडवला की इमेजपण गेली, म्हणून इकडे नवीन गॅलरी करून त्यात व्हर्जन घ्या. आणि इमेजच्या पोटात काय आहे ते बघा! एफएसलॉजिक्सचा (युजरची प्रोफाइल, म्हणजे त्याच्या फाइली आणि सेटिंग, वेगळ्या शेअरवर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) व्हीएचडी लोकेशन्सचा रजिस्ट्री मार्ग, म्हणजे प्रोफाइल कुठे आहेत तो पत्ता, कुणीतरी दोन वर्षांपूर्वी इमेजमध्येच टाकून ठेवलेला असतो. एका कामात मी पुण्यात चकचकीत नवीन डेस्कटॉप दिले आणि प्रोफाइल मात्र दोन दिवस समुद्रापलीकडच्या शेअरवरून येत होती. सगळं "चालत" होतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, फक्त लॉगिनला तीन मिनिटं लागत होती आणि आम्ही बसलो होतो ग्रुप पॉलिसी खणत.

आता प्रोफाइल. खरा जीव इथे आहे, बाकी सगळं विकत मिळतं.

प्रोफाइल ज्यात ठेवलेल्या असतात ते स्टोरेज अकाउंट रीजन बदलत नाही, नवीन काढावं लागतं, आणि त्याचं नाव जगभरात एकच असावं लागतं म्हणजे जुनं जिवंत असेपर्यंत तेच नाव मिळणार नाही, म्हणजे मार्ग बदलणार. जिओ-रिडंडन्सीच्या (जोडीच्या रीजनमध्ये आपोआप राहणाऱ्या कॉपीच्या) भरवशावर राहू नका, वेस्ट युरोपची जोडी नॉर्थ युरोपशी आहे म्हणजे आयर्लंडशी, आपल्याला त्याचा काही उपयोग नाही. नवीन स्टोरेज अकाउंट डोमेनला परत जोडा, आणि परवानग्या दोन थरांत असतात हे लक्षात ठेवा, एक शेअरच्या पातळीवरचा ॲझ्युरमधला रोल आणि दुसरा आतला एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजमधल्या फाइल-फोल्डरच्या परवानगीचा. कॉपी करताना दुसरा बरोबर येऊ शकतो, पहिला तुम्हालाच द्यावा लागतो, आणि तो दिला नाही की युजरला टेम्पररी प्रोफाइल मिळते आणि तो ओरडत येतो की माझं सगळं गेलं.

कॉपीचं गणित नीट समजून घ्या. एफएसलॉजिक्समध्ये एका माणसाची अख्खी प्रोफाइल म्हणजे एक व्हीएचडीएक्स (व्हर्च्युअल डिस्कची) फाइल, कमाल मर्यादा डिफॉल्टने ३० जीबी, प्रत्यक्षात समजा १२ भरलेली. ६० माणसं म्हणजे ७२० जीबी. लोक म्हणतात आधी रोबोकॉपीने (विंडोजच्या कॉपी करायच्या साधनाने) सगळं नेऊन ठेवू आणि शेवटच्या रात्री फक्त फरक नेऊ. फरक वगैरे काही नसतो! माणसाने लॉगिन करून एक ईमेल वाचला तरी ती १२ जीबीची फाइल बदलली आणि रोबोकॉपी ती पूर्ण परत नेणार. त्यामुळे आधीच्या कॉपीचा फायदा एवढाच की रजेवर असलेल्यांच्या फाइली उरकतात आणि वेगाचा अंदाज येतो. शेवटच्या रात्री जेवढे लोक त्या गटात आहेत तेवढ्यांचं अख्खं सामान जाणार असं धरूनच गट पाडा. मी एझेडकॉपी हे ॲझ्युरचं कॉपीचं साधन वापरतो, शेअर ते शेअर, परवानग्या सांभाळायचा स्विच लावून, त्यात डेटा आपल्या मशीनवरून फिरत नाही. रोबोकॉपी करायचंच असेल तर मल्टिथ्रेडचा स्विच लावा आणि चहा नाही, जेवण करून या.

दुसरं म्हणजे डिस्कनेक्ट आणि लॉगऑफ यातला फरक लोकांना कळत नाही, खिडकी बंद केली म्हणजे घरी गेलो असं त्यांना वाटतं. सेशन जिवंत असलं की व्हीएचडीएक्स लॉक असते आणि ती कॉपी होत नाही किंवा अर्धवट अवस्थेत होते. शुक्रवारी संध्याकाळी होस्ट ड्रेन मोडला टाका (म्हणजे नवीन लॉगिन बंद), सेशन सक्तीने लॉगऑफ करा, शेअरवर उघडे हँडल, म्हणजे अजून उघड्या राहिलेल्या फाइली, राहिलेत का बघा, आणि मगच कॉपी लावा.

खरं सांगू का, तुमच्याकडे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेले असतील आणि मेल एक्स्चेंज ऑनलाइनवर असेल तर मी प्रोफाइल नेतच नाही. कोरी प्रोफाइल, एकदा लॉगिन, अर्ध्या तासात मेल आणि फाइली खाली येतात. वर्षानुवर्षांचा कचरापण जातो. मात्र काय जाणार ते आधी लिहून काढा: ब्राउझर सिंक नसेल तर बुकमार्क, ॲपची लोकल सेटिंग, आणि एक गोष्ट जी मला दरवेळी नडते, मराठी कीबोर्ड. एचआरच्या ताई सोमवारी नोटीस टाइप करायला बसतात आणि भाषेच्या बारमध्ये फक्त इंग्लिश. इमेजमध्येच मराठी भाषा पॅक आणि ते वापरतात तोच लेआउट टाकून ठेवा, कुणी फोनेटिक वापरतं कुणी इनस्क्रिप्ट, विचारा.

ज्यांना स्वतःचा वेगळा पर्सनल डेस्कटॉप दिलाय, ज्यात त्यांनी वर्षभर काय काय इन्स्टॉल केलंय, त्यांच्यासाठी हे चालणार नाही. तिथे रिसोर्स मूव्हर वापरा: प्रिपेअर, इनिशिएट, कमिट, आणि शेवटी जुनं डिलीट, यात मशीन बंद राहते ती इनिशिएटच्या वेळी. इकडे आल्यावर जुना एव्हीडी (ॲझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉप) एजंट आणि बूट लोडर काढून नवीन होस्ट पूलचा टोकन (मशीनची नोंदणी करायची किल्ली) घालून परत बसवा. तो रजिस्ट्रेशन टोकन कमीत कमी एक तास आणि जास्तीत जास्त २७ दिवस चालतो, प्रोजेक्टच्या सुरुवातीला काढून ठेवलेला शेवटच्या वीकेंडला मेलेला असतो, हा अनुभव आहे.

होस्ट पूल नवीनच करा. तांत्रिकदृष्ट्या जुन्याच पूलमध्ये पुण्याच्या व्हीएम घालता येतात, पूलच्या मेटाडेटाचं रीजन आणि व्हीएमचं रीजन वेगळं असलं तरी चालतं. पण मग दोन्हीकडचे होस्ट चालू असताना लोड बॅलन्सर माणसाला कुठेही टाकणार, आज पुणे उद्या ॲमस्टरडॅम. वेगळा पूल, वेगळा ॲप्लिकेशन ग्रुप, आणि माणूस एका गटातून काढून दुसऱ्यात टाकायचा, त्याच क्षणी. दोन्हीकडे ठेवायचा मोह होतो, असू दे सेफ्टीला म्हणून. मी एकदा ठेवला. युजरला दोन सारखे आयकॉन दिसले, एक गृहस्थ तीन दिवस जुन्यावरच काम करत राहिले आणि फाइली प्रोफाइलच्या आतच सेव्ह करत राहिले, मग चौथ्या दिवशी नवीन उघडलं आणि तीन दिवस गायब. दोन व्हीएचडीएक्स हाताने माउंट करून फाइली शोधल्या. त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

पूलच्या आरडीपी प्रॉपर्टी स्वतः जाऊन कॉपी करा, त्या आपोआप सोबत येत नाहीत. प्रिंटर, यूएसबी, एकापेक्षा जास्त मॉनिटर, आणि सगळ्यात मुख्य स्मार्ट कार्ड रीडायरेक्शन. आपल्याकडे जीएसटी, कंपनी खात्याचे फॉर्म, टेंडर, सगळीकडे डीएससीचं (डिजिटल सहीचं) डोंगल लागतं, आणि महिन्याच्या २० तारखेला ते डोंगल डेस्कटॉपमध्ये दिसलं नाही तर तुमचं नाव सगळ्यांच्या तोंडी येणार. स्केलिंग प्लॅनपण (मशीन कधी चालू-बंद करायच्या ते वेळापत्रक) नवीन लागतो, तो होस्ट पूलच्याच रीजनमध्ये असावा लागतो, आणि त्यातला टाइम झोन बघा. जुना तसाच ठेवून सकाळी ७ ला मशीन चालू व्हाव्यात असं लिहिलं तर उन्हाळ्यात त्या आपल्या साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला चालू होतील.

आता तो बाहेरचा आयपी. पब्लिक आयपी रीजन ओलांडत नाही, नवीन मिळतो. कुणाकुणाकडे जुना आयपी व्हाइटलिस्ट केलाय? बँकेचं पोर्टल, कस्टमरचा एसएफटीपी (फाइली पाठवायचा सर्व्हर), लायसन्स सर्व्हर, हेड ऑफिसचा फायरवॉल. ही यादी कुठेच लिहिलेली नसते, मी जुन्या फायरवॉलचे लॉग काढून बाहेर जाणारे पत्ते बघतो आणि त्यातून माणसं शोधतो. बँकेला आयपी बदलायला अर्ज, सही, शिक्का, तीन आठवडे, म्हणून नॅट गेटवे पहिल्याच आठवड्यात उभा करून आयपी हातात घ्या. कंडिशनल ॲक्सेसमध्ये (साइन-इन कुठून, कसं चालेल ते ठरवणाऱ्या नियमांमध्ये) देशाची अट असेल तर तीही बघा, डेस्कटॉपच्या आतून होणारं साइन-इन आता भारतातून आलेलं दिसणार आणि हेड ऑफिसच्या पॉलिसीला ते आवडेलच असं नाही. फायदा पण आहे, काही सरकारी साइट परदेशी आयपीवरून उघडतच नाहीत, त्या आता सुतासारख्या सरळ होतात.

एक गोष्ट आपल्या हातातली नाही. प्रोफाइलमध्ये युरोपातल्या ग्राहकांची किंवा कर्मचाऱ्यांची माहिती असेल तर ती भारतात आणणं हा जीडीपीआरचा, म्हणजे युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याचा, विषय होतो, भारताला युरोपियन युनियनने ॲडिक्वसीचा (तिथलं डेटा संरक्षण पुरेसं आहे असा) दर्जा दिलेला नाही, त्यामुळे कराराची वेगळी कलमं लागतात. तिकडच्या डेटा प्रोटेक्शन ऑफिसरचा होकार ईमेलवर घ्या, फोनवर नको.

तुमच्याकडे यातले काही विंडोज ३६५ चे क्लाउड पीसी (मायक्रोसॉफ्टचीच दुसरी, तयार डेस्कटॉपची सेवा) असतील तर त्यांचं सोपं आहे, प्रोव्हिजनिंग पॉलिसीत रीजन बदलून आहे त्या पीसींना लागू करता येतं, काही तास जातात, वीकेंडला लावा. ॲमेझॉनच्या वर्कस्पेसेसवर (त्यांची अशीच डेस्कटॉप सेवा) असाल तर कहाणी वरच्यासारखीच, इमेज दुसऱ्या रीजनला कॉपी होते पण युजरची डी ड्राइव्ह आपोआप येत नाही आणि रजिस्ट्रेशन कोड बदलतो.

वेळ विचारलात. ६० जणांना मी पाच जणांचा पायलट धरतो, त्यात एक कटकट करणारा माणूस मुद्दाम घेतो, तो एक आठवडा चालू द्यायचा, मग तीन वीकेंडला उरलेले. प्रत्येक माणसाला प्रत्यक्ष बंद शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार दुपार. गणपतीचा आठवडा आणि मार्चचा शेवट सोडून. जुन्या व्हीएम डीॲलोकेट (पूर्ण बंद) करून ठेवा पण डिस्कचं बिल चालूच राहतं हे मॅनेजरला आधी सांगा. रिकव्हरी व्हॉल्ट (बॅकअप ठेवायची तिजोरी) पण रीजनला बांधलेलं असतं, जुने बॅकअप तिकडेच राहतात, रिटेन्शन (बॅकअप ठेवायची ठरलेली मुदत) संपेपर्यंत त्या व्हॉल्टला हात लावू नका आणि पुण्यात नवीन व्हॉल्ट पहिल्या दिवसापासून चालू करा. जुना स्टोरेज शेअर मी रीड-ओन्ली करून ठेवतो आणि एक पूर्ण महिनाअखेर, जीएसटी रिटर्न आणि पगार दोन्ही नीट पार पडल्यावरच डिलीट करतो, कारण "माझी ती एक एक्सेल कुठे गेली" हा फोन बरोबर तेव्हाच येतो.